दुखण्याचा आकडा

कळ वाढली की बाई आईला हाक मारते. माजिवड्याच्या त्या हॉस्पिटलात मंजुळा रणपिसेने सव्वीस वर्षं ही हाक ऐकली होती. आई जाऊन वीस वर्षं झालेल्या बायाही तिलाच बोलावतात. आईशी बारा वर्षं अबोला धरलेली बँकेतली एक साहेबीण एकदा चार तास ‘आई गं’शिवाय दुसरं काही बोलली नव्हती. लेबर रूममध्ये काम करणाऱ्या नर्सला या हाकेचं पुढे पुढे काही वाटेनासं होतं. मंजुळालाही वाटत नसे. पण लेकीला, अमृताला, दिवस गेले आणि एक गोष्ट तिच्या मनात घर करून बसली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आपल्याकडे. कळा सुरू झाल्या की अमृता हाक मारेल आणि तेव्हा आपण दाराशी असू.

अमृताने आईला अशी हाक कधी मारली नव्हती. लहानपणीही नाही.

त्याला कारण होती मंजुळाची नाइट ड्यूटी. डोंबिवली पूर्वेला एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढंच घर. नवरा बाबुराव एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत, सकाळी सातला बाहेर. रात्रपाळी घेतली तर पोर शाळेतून येते तेव्हा निदान घरी असता येतं, म्हणून मंजुळाने अठरा वर्षं रात्रपाळीच मागून घेतली. सकाळी नऊला घरी यायचं, भाकऱ्या थापायच्या, भांडी करायची आणि अकराला पाठ टेकायची ती साडेचारपर्यंत. या साडेपाच तासांसाठी घरात एकच नियम होता. आई झोपली की आवाज नाही. अमृता साडेबाराला शाळेतून आली की चपला हातात घेऊन आत यायची. डब्याचं झाकण ठेवताना खाली फडकं धरायची. टीव्ही बघायची तो आवाज बंद करून, नुसती चित्रं. चुकून काही वाजलंच तर चादरीखालून मंजुळाचा आवाज यायचा, “ए, काय चाललंय? मरू दे की जरा!” कळा देणाऱ्या बायकांना रात्रभर समजावून आलेला घसा असायचा तो. त्यात गोडवा कुठून उरणार?

आठ वर्षांची असताना एका दुपारी माळ्यावरची रंगपेटी काढायला अमृता स्टुलावर चढली आणि पडली. एक वाजला असेल. मंजुळा साडेचारला उठली तेव्हा पोर मोरीच्या उंबऱ्यावर बसली होती, उजवं मनगट मांडीत धरून. मनगट सुजून दुप्पट झालं होतं. चेहरा पांढराफटक, डोळे कोरडे. पायाची बोटं तेवढी तिने आत मुडपून घेतली होती.

“अगं, मला उठवायचं ना!”

“तू झोपली होतीस.”

प्लास्टर घालेपर्यंत ती बोटं काही सुटली नाहीत.

मंजुळाने ही गोष्ट पुढे शेकडो बायकांना सांगितली. कोणी फार आरडाओरडा करायला लागली की ती कपाळावर ओला रुमाल ठेवत म्हणायची, “माझी पोरगी आठ वर्षांची होती. हात मोडला, साडेतीन तास बसून राहिली, हूं की चूं नाही. तू तर केवढी मोठी!” बाई थोडी ओशाळायची आणि गप्प व्हायची. हॉस्पिटलातल्या सगळ्यांना ती गोष्ट पाठ होती. मंजुळाला त्या गोष्टीचा अभिमान होता, हे कबूल केलं पाहिजे.

चष्मा आला तो मागच्या वर्षी. तो काही खरा चष्मा नव्हे. डोळे पूर्ण झाकणारा काळा डबा, वर कानांना घट्ट बसणारे हेडफोन. पण आया आणि नर्सेस त्याला चष्माच म्हणायच्या. बाळंतपणाच्या सुरुवातीच्या कळा चालू झाल्या की बाईला तो लावायचा. डोळ्यांपुढे तळं, भोवती उंच झाडं, पाण्यावर धुकं. कानात एक आवाज तिला दहा पायऱ्या सावकाश खाली उतरवून नेतो, श्वास मोजतो, दुखणं लांब कुठेतरी ठेवून ये म्हणतो. इंजेक्शन नाही, गोळी नाही. संमोहनच ते. चाळीस मिनिटांचं एक सत्र. बाईच्या हातात छोटं रिमोट. दर दहा मिनिटांनी आवाज विचारतो, आता किती दुखतंय? शून्य ते दहा. बाईने आकडा दाबायचा, तो बाहेर नर्सच्या टेबलावरच्या स्क्रीनवर उमटतो. आकडा चारच्या खाली असेल तर आत जाऊन बाईला हात लावायचा नाही, संमोहन तुटतं. सहाच्या वर गेला तर सत्र आपोआप बंद होतं आणि नर्स आत जाते. चष्मा बनवणाऱ्या कंपनीचा माणूस मितेश याने हे सगळं स्टाफला समजावून सांगितलं होतं, आणि मोठ्या डॉक्टर मॅडमनी तसा कागद भिंतीला लावला होता. शंभर बायकांचे आकडे जमले की त्याचा अहवाल होणार होता.

मराठीतला पहिला आवाज कोणा निवेदिकेचा होता. बायकांना तो चालेना. “बातम्या देतेय ती,” असं एकीने चष्मा काढून सांगितलं. त्याच दिवशी मितेशने दाराआडून मंजुळाला एका बाईशी बोलताना ऐकलं. “हां, माझी राणी. सोड खांदे. सोड. मी आहे ना इथे.” तो थांबूनच राहिला.

“मॅडम, हाच आवाज पाहिजे. एकदम हाच. बस, काही अॅक्टिंग नको करू तुम्ही.”

रेकॉर्डिंग टेंभी नाक्याजवळच्या एका स्टुडिओत झालं. काचेपलीकडे दोन पोरं, अलीकडे कापूस लावलेली खोली आणि माइक. मंजुळाने कागद वाचायला घेतला आणि तिचा तिलाच आवाज ओळखू येईना. समोर बाई नाही, कपाळ नाही, पकडायला हात नाही. तिसऱ्या वेळीही जमलं नाही तेव्हा तिने डोळे मिटले आणि समोर कोणालातरी बसवलं. मोरीच्या उंबऱ्यावर मनगट धरून बसलेली आठ वर्षांची पोर. मग आवाज आपोआप आला. शेवटी तर कागदावर नसलेलं एक वाक्य ती बोलून गेली. सव्वीस वर्षं प्रत्येकीला सांगितलेलंच होतं ते. “ओरडण्यात जीव घालवू नकोस, बाळा. तू शांत राहिलीस की तुझं बाळ शांत राहील.”

काचेपलीकडे मितेशने अंगठा वर केला. “ही लाइन ठेवायची. मस्त आहे.”

समोर कोणाला बसवलं होतं, ते मंजुळाने कोणाला सांगितलं नाही.

आठव्या महिन्यात अमृता कल्याणहून, सासरहून, डोंबिवलीला आली. एकदा मंजुळाने मोबाइलवर ते रेकॉर्डिंग तिला ऐकवलं. अमृता पलंगावर पाय लांब करून बसली होती. पूर्ण चाळीस मिनिटं ऐकलं, मध्ये बाबुरावांनी चहा आणला तोही तसाच थंड झाला.

“ही तू आहेस?”

“मग कोण?”

“घरी नाही कधी ऐकला हा आवाज.”

“तिथे कामाला बोलावं लागतं तसं,” मंजुळा हसत म्हणाली. “घरी तसं बोलले असते तर तुझ्या बापाला वाटलं असतं, हिला काहीतरी झालंय.”

बाबुराव हसले. अमृता हसली नाही. ती म्हणाली, “मला तो चष्मा पाहिजे हं, आई. नाव लिहून ठेव.”

लेकीला माझाच आवाज हवाय, हे मंजुळाला इतकं सुखावून गेलं की पुढचं तिला काही सुचलंच नाही.

नववा भरला आणि एका मंगळवारी पहाटे पाचला कळा सुरू झाल्या. सात वीसला ते माजिवड्याला पोहोचले. गर्भाशयाचं तोंड तीन सेंटिमीटर उघडलं होतं. बाळाच्या ठोक्यांची पट्टी वीस मिनिटं काढली, उत्तम होती. जावई रत्नदीप कामासाठी नाशिकला होता, तो निघाला होता. बाबुराव औषधांच्या खिडकीपाशी. आणि मंजुळा बाहेरच्या बाकावर, साडीत. या हॉस्पिटलात जुना नियम होता. सख्ख्या नातलगाच्या बाळंतपणात स्टाफने आत यायचं नाही, हात कापतात. नऊ वर्षांपूर्वी एका नर्सच्या बहिणीच्या वेळी घोटाळा झाला तेव्हा हा नियम करा म्हणून आग्रह मंजुळानेच धरला होता.

“ताई, आज तुम्ही नातेवाईक हं,” ड्यूटीवरची हेमा म्हणाली. हेमा चोवीसची, मंजुळाच्याच हाताखाली तयार झालेली. “आत डोकावायचं नाही. चहा पाठवते.”

नऊला अमृताला चष्मा लागला. खोलीचा दिवा मंद झाला. दाराला गोल काच होती, तिच्यातून पलंगाचा पायाकडचा भाग तेवढा दिसायचा. मंजुळाने एकदा पाहिलं आणि बाकावर येऊन बसली. हेमाच्या टेबलावरचा स्क्रीन बाकावरून तिरका दिसत होता. चार. मग तीन. मग दोन.

“बघा,” हेमा म्हणाली. “काय आवाज आहे ताई तुमचा! मला पण लावा एकदा, सासू बोलायला लागली की.”

पहिलं सत्र संपलं. अमृताने रिमोटवरूनच दुसरं मागितलं. हेमाने मधल्या दोन मिनिटांत बाळाचे ठोके ऐकले, एकशे चाळीस, आणि बाहेर आली. दुसरं सत्र संपलं तेव्हा हेमा शेजारच्या खोलीत अडकली होती. तिथे एकीला घाई झाली होती. ती येईपर्यंत अमृताने तिसरं सुरू केलं होतं. आकडा दोन.

हाक अजून आली नव्हती. येत नाही हे बरंच आहे, असं मंजुळाने स्वतःला समजावलं. दुखत नाही म्हणून येत नाही. याच्यासाठीच तर चष्मा. सव्वीस वर्षं ज्या दुखण्याशी झटापट केली ते माझ्या आवाजाने लेकीच्या अंगावरून उतरवून ठेवलं, यापेक्षा जास्त काय हवं? तरी तिला कुठेतरी फसवल्यासारखं वाटत होतं, आणि तसं वाटतंय याची लाजही.

पावणेअकराला मनुबाई बादली घेऊन बाहेर आली. मनुबाई इथली सगळ्यात जुनी आया, चेंदणी कोळीवाड्यातली. बादली खाली ठेवून तिने कमरेवर हात घेतले.

“मंजूबाय, तुजी पोर लय गप हाय गो.”

“चष्मा लावलाय ना तिला.”

“चष्मा आमी पन बगलाव. त्या बाया हसतान, झोपतान, एक तर घोरत व्हती. ही झोपली नाय. ही गप हाय. मना नाय बरा वाटत.”

मंजुळा उठली आणि काचेपाशी गेली.

निळसर उजेडात चादरीबाहेर आलेली दोन पावलं दिसत होती. दोन्ही पावलांची बोटं आत मुडपलेली होती. मंजुळाने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. कळ येते आणि जाते. आली की मिनिटभर, फार तर दीड मिनिट, मग अंग सैल पडतं. बोटं सुटायला हवीत. दहा वाजून सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. मागून कोणीतरी ट्रॉली ढकलत नेली. अठ्ठावन्न झाले तरी बोटं तशीच होती.

अकरा मिनिटांची कळ नसते.

“हेमा, आत जा. पोटाला हात लावून बघ.”

“आकडा दोन आहे, ताई.”

“आकडा राहू दे. तिची बोटं सुटत नाहीयेत.”

“बोटं?” हेमाने स्क्रीन तिच्याकडे फिरवला. “हे बघा. दोन, दोन, एक, दोन. स्वतः दाबतेय ती. सत्र मध्ये तोडलं तर मॅडम मला फाडून खातील. सहा मिनिटं राहिलीत, संपलं की पहिली तिच्याकडे जाते. आणि ताई, मुलगी तुमचीच ना? हात मोडला तरी रडली नव्हती. तुम्हीच सांगता.”

हेमाच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. कौतुकच होतं. मंजुळा तिथे उभी राहिली. नियम तिचा, गोष्ट तिची, आवाज तिचा. नर्स म्हणून तिने केव्हाच दार उघडलं असतं. नातेवाईक म्हणून ती दोन मिनिटं उभी राहिली. बाकी सगळ्याचे दोष पुढे इतरांमध्ये वाटता आले, ही दोन मिनिटं मात्र कोणाला देता आली नाहीत.

अकराला तिने दार ढकललं.

आत थंडगार होतं. अमृता उताणी पडली होती, अर्धा चेहरा काळ्या डब्याखाली, ओठ दातांत. हेडफोनमधून बारीक आवाज झिरपत होता. मंजुळाचाच. सात... सहा... अजून एक पायरी, माझी राणी.

“अमृता.”

ऐकू गेलं नाही. कानात आई बोलत होती, तर बाहेरून बोलणारी आई कशी ऐकू येणार?

मंजुळाने पोटावर तळवा ठेवला. पोट लाकडासारखं कडक होतं, आणि वाट पाहिली तरी सैल पडेना. तिने दुसऱ्या हाताने भिंतीवरची घंटा ओढली. तेवढ्यात अमृताचा हात चाचपडत आला आणि पोटावरच्या हाताला घट्ट धरून बसला.

“सिस्टर?” डब्याखालून ती कुजबुजली. “सिस्टर, खूप दुखतंय हो. मघापासून थांबतच नाहीये.”

मंजुळाने हात दाबला.

“बाहेर माझी आई बसलीय,” अमृता म्हणाली. “तिला सांगू नका.”

हेमा धावत आली. मंजुळाला बाजूला सारून तिने ठोक्यांचं यंत्र पोटावर टेकवलं. खरखर. मग ठोके, सावकाश, एकेक, मध्ये मोकळी जागा सोडून. सत्तर. हेमाचा चेहरा उतरला. “मॅडमना बोलवा! ऑपरेशन थिएटर उघडा!” तिने चष्मा ओढून काढला. अमृताचे डोळे उजेडाने मिटले, उघडले, हेमावरून सरकले आणि डोक्याशी उभ्या असलेल्या आईवर थांबले.

“आई,” ती घाईघाईने म्हणाली, “काही नाही गं. ठीक आहे मी.”

मग ट्रॉली गेली.

वार गर्भाशयापासून वेळेआधी सुटली होती. रक्त बाहेर न येता आतच साठत होतं. डॉक्टर मॅडमनी चौदा मिनिटांत बाळ बाहेर काढलं. मुलगा. रडला नाही. बालरोगतज्ज्ञाने त्याला रडवायला सहा मिनिटं घेतली, आणि मग काचेच्या पेटीत ठेवलं ते नऊ दिवस. अमृताला दोन बाटल्या रक्त चढवलं. दोघंही वाचले. अजून एक सत्र झालं असतं तर एकजण वाचला नसता, कदाचित दोघंही. हे मॅडमनी मंजुळाला आपल्या केबिनमध्ये दार लावून सांगितलं, आणि दार उघडल्यावर रत्नदीपला सांगितलं की असं हजारात पाच-सातजणींना होतंच, कोणाच्या हातात नसतं. त्यात खोटं काही नव्हतं.

चौकशी झाली. एका पानाची. नर्सने नियम पाळला होता. चष्म्याने काम केलं होतं. आकडे पेशंटने स्वतः दाबले होते. हेमा दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी कामावर आली. मनुबाईचं म्हणणं कोणी लिहून घेतलं नाही.

पाचव्या दिवशी अमृता उशीला टेकून बसायला लागली तेव्हा मंजुळाने विचारलं. विचारायचं नाही असं ठरवूनही विचारलं.

“दोन का दाबत होतीस?”

अमृता खिडकीबाहेर हायवेवरच्या पुलाकडे पाहत होती. “तूच म्हणत होतीस ना. शांत राहिलीस की बाळ शांत राहील.”

“ते सगळ्यांना म्हणते गं मी. रेकॉर्डिंग आहे ते.”

“हो. रेकॉर्डिंगच.” तिने पायावरची चादर सरळ केली. मग म्हणाली, “सातवर गेलं की बंद होतं ना ते? मला माहीत होतं. तू सांगितलं होतंस. मी सात दाबला असता तर तू थांबली असतीस बोलायची.”

मंजुळाने पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

“पहिल्यांदाच तू एवढा वेळ बोलत होतीस माझ्याशी,” अमृता म्हणाली. “आणि चिडून नाही. म्हटलं, ऐकून घेऊ. कळा काय, सगळ्यांनाच येतात.”

त्या क्षणी मंजुळाला सांगता आलं असतं की स्टुडिओत डोळे मिटून मी तुलाच समोर बसवलं होतं. तोंडापर्यंत आलंही. पण आता ते सांगणं म्हणजे स्वतःची बाजू मांडणं झालं असतं. आणि चष्म्याखालून ‘आईला सांगू नका’ म्हणताना तिने धरलेला हात कोणाचा होता, हे तरी कसं सांगायचं? तिने पाण्याचा ग्लास भरून ठेवला आणि पेटीतल्या बाळाला पाहून येते म्हणाली.

मितेशला तिने फोन केला. ते वाक्य काढून टाक म्हणाली.

“कुठली लाइन, मॅडम? शांत राहिलीस वाली? अहो, ती तर सगळ्यांना आवडते. फीडबॅकमध्ये नंबर एक आहे ती.”

“माझ्या मुलीच्या वेळी काय झालं, माहीत आहे ना तुला?”

“हो मॅडम, ऐकलं. व्हेरी सॅड. पण बेबी ठीक आहे ना आता? मी वर कळवतो. पुढच्या व्हर्जनमध्ये बघू.”

अहवाल दिवाळीनंतर आला, चकचकीत कागदावर. हेमाने तो जेवणाच्या सुट्टीत मंजुळापुढे ठेवला. शंभर बायकांचा तक्ता होता. नावं नव्हती, क्रमांक होते. तारखेवरून मंजुळाने एकाहत्तर क्रमांकाची ओळ शोधली. पहिल्या सत्राआधी दुखणं चार, तिसऱ्या सत्रात सरासरी पावणेदोन. शेवटच्या रकान्यात शेरा होता, परिणाम उत्तम. प्रसूतीचा प्रकार लिहायला तक्त्यात रकानाच नव्हता. तो दुखण्याचा अभ्यास होता, बाळंतपणाचा नव्हे.

पण हा अहवाल यायच्या आधीची एक दुपार सांगायची राहिली.

बाळ घरी येऊन तीन आठवडे झाले होते. मंजुळाची रजा संपली आणि तिने पुन्हा रात्रपाळी घेतली, दिवसा बाळाचं करता यावं म्हणून. पहिल्या रात्रीनंतर ती सकाळी नऊला आली, बाळाला न्हाऊ घातलं, शेक दिला, अमृताला खिमट भरवलं. साडेअकराला बाबुराव म्हणाले, “आता पड तू जरा,” आणि पेपर घेऊन खाली बाकड्यावर जाऊन बसले. ते निवृत्त झाले होते, पण नियम विसरले नव्हते. मंजुळाने डोक्यावरून चादर घेतली.

एकच्या सुमाराला बाळ रडायला लागलं. पोटातून, जोर लावून, काचेच्या पेटीतून सुटून आलेल्या बाळाने रडावं तसं. मंजुळा जागीच होती. ते रडणं तिला इतकं बरं वाटलं की ती तशीच ऐकत पडून राहिली.

मग तिला पावलं ऐकू आली. टाचा न टेकता टाकलेली. अमृताने बाळाला उचललं आणि स्वयंपाकघर ओलांडून मोरीत नेलं. मोरीचं दार लागलं. कडीचा आवाज झाला नाही, कडीखाली बोट धरून ती लावली होती.

“श्श. श्श. गप. गप ना. आजी झोपलीये.”

रडणं दबलं. थांबलं नव्हतं, छातीशी घट्ट धरल्यावर होतं तसं दबलं होतं.

मंजुळा उठली. अनवाणी स्वयंपाकघरात आली आणि मोरीच्या दारापाशी उभी राहिली. काय म्हणायचं ते तिला माहीत होतं. रडू दे त्याला. हवं तेवढं रडू दे, तूही रड. पण ते म्हणायला तिच्याकडे दोनच आवाज होते. एक चादरीखालून यायचा तो. तो तिला नको होता. म्हणून तिने दाराला गाल लावला आणि दुसऱ्या आवाजात म्हणाली, “रडू दे त्याला, बाळा. मी जागी आहे. मी आहे ना इथे.”

आतली सगळी हालचाल थांबली.

“आई,” दारापलीकडून अमृता म्हणाली. ओरडून नाही, अगदी हळू. “त्या आवाजात नको बोलूस. प्लीज.”

मंजुळा मोरीच्या उंबऱ्यावर बसली. दाराखालच्या फटीतून अमृताच्या पायांची आत मुडपलेली बोटं दिसत होती. खाली गल्लीत कोणीतरी स्कूटर सुरू केली आणि बंद केली. आत बाळ गप्प झालं. मंजुळाने घड्याळ पाहिलं, एक वाजून बारा मिनिटं, आणि ते किती वेळ गप्प राहतं ते मोजायला सुरुवात केली.